कापड दुकानाच्या चौथ्या मजल्यावर रेस्टॉरंट: समुद्र दिसतो, पण बांगड्याचा वास पैठण्यांना लागू नये

प्रश्न: सड्यावरून_समुद्र

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी शहरात तळमजला अधिक चार मजल्यांचं दुकान आहे. तळाला भांडी आणि घरसामान, पहिल्यावर रेडिमेड, दुसऱ्यावर चपला-बॅगा-खेळणी, तिसऱ्यावर साड्या आणि बस्त्याचा विभाग. चौथा मजला आजवर गोदामाचा होता. आता तिथे देखणं, निवांत बसता येईल असं रेस्टॉरंट करायचं ठरतंय. बंद भाग १४० चौरस मीटर, दक्षिणेला लागून ६० चौरस मीटर गच्ची. पश्चिमेची १२ मीटर भिंत काढून पूर्ण काच लावायची आहे. तिथून शहराची कौलं, माडांचे शेंडे, रत्नदुर्गाचा डोंगर आणि समुद्र दिसतो. गच्चीवरून भाट्याची खाडी दिसते.

साधारण ८० माणसं बसावीत असा अंदाज आहे. खाली साड्या आणि वर मासे, हे जमेल का? पश्चिमेची काच दुपारी तापेल, पावसात काय होईल? गच्चीवर किती भरवसा ठेवायचा? जेवणात नेमकं काय ठेवावं? जाणकारांनी बारीकसारीक तपशिलासह सांगावं. इंटिरियरवाल्यांची चित्रं सुंदर आहेत, पण त्यातल्या एकाही चित्रात पाऊस नाही.

---

उत्तर १: धुराडं

आधी वासाचं बोलतो. बाकीच्या चुका नंतर निस्तरता येतात, साडीच्या घडीत बसलेला वास जात नाही.

धूर वर जातो, मग चौथ्या मजल्यावरचा वास तिसऱ्यावर कसा उतरेल, असं सगळ्यांना वाटतं. एसी असलेल्या इमारतीत उलट घडतं. आतली गार हवा बाहेरच्या हवेपेक्षा जड असते. ती जिन्यातून आणि लिफ्टच्या डक्टमधून खाली सरकते आणि तळमजल्याच्या दारातून रस्त्यावर सांडते. तिची जागा भरायला वरची हवा खाली ओढली जाते, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराची. लिफ्टची पेटी पिचकारीच्या दट्ट्यासारखी वरखाली होते, तिचाही हातभार लागतो. म्हणून चौथ्या मजल्यावर लिफ्ट आणि जिना जिथे उघडतात तिथे दोन दारांची छोटी मधली खोली हवीच. एक दार मिटल्यावर दुसरं उघडावं इतकं अंतर ठेवा, दोन मीटर पुरतात. दारांना आपोआप मिटणारे क्लोजर लावा, आणि दार उघडं ठेवायला कुणी पाचर लावणार नाही याकडे लक्ष द्या.

साडीला चिकटतो तो नुसता वास नसतो. तव्यावर रव्यातला मासा पडला की तेलाचे अतिबारीक कण उडतात, वास त्या कणांवर स्वार होऊन येतो. हे कण उगमापाशीच धरावे लागतात. चुलीच्या ओळीपेक्षा हूड (धूर ओढणारी वरची टोपी) सगळ्या बाजूंनी १५ सेंटिमीटर बाहेर आलेलं असावं, खालची कड जमिनीपासून २ मीटरवर. आत स्टीलचे बॅफल फिल्टर, उभट तिरके, खाली तेल गोळा करायची पन्हळ. जाळीचे फिल्टर स्वस्त मिळतात, घेऊ नका. तेल त्यात अडकून राहतं आणि तेच पुढे पेटतं. ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद हूडला सेकंदाला साधारण १.५ घनमीटर हवा ओढावी लागते, म्हणजे तासाला ५,४०० घनमीटर. त्याला ४० सेंटिमीटर चौरस नळी बरोबर बसते, नळीत हवेचा वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास राहतो. नळी याहून मोठी केली की वेग पडतो आणि तेल आत साचतं. लहान केली तर पंख्याचा आवाज जेवणाऱ्यांच्या कानात बसतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या गोष्टीत. जितकी हवा बाहेर टाकता तितकी कुठून तरी आत यायलाच हवी. ओढलेल्या हवेच्या ८० टक्के ताजी हवा दुसऱ्या पंख्याने स्वयंपाकघरातच सोडा. उरलेली २० टक्के जेवणाच्या दालनातून आत खेचली जाईल, आणि तेच आपल्याला हवं आहे. ताजी हवा अजिबात दिली नाही तर दारं उघडायला जड जातात, हूड धड ओढत नाही आणि धूर चुलीवर घुटमळतो.

परीक्षा सोपी आहे. सगळे पंखे, एसी आणि दुकान चालू असताना स्वयंपाकघराच्या दाराशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत वळला पाहिजे. मग तीच उदबत्ती मधल्या खोलीच्या खालच्या फटीशी न्या. धूर जिन्याकडे गेला तर काम अपुरं आहे, उद्घाटनाची तारीख पुढे ढकला.

धुराडं पूर्वेला काढा. कोरड्या महिन्यांत दुपारचे खारे वारे पश्चिम-वायव्येकडून येतात, पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. दोन्ही वेळी धूर काचेपासून आणि गच्चीपासून लांब जाईल. फक्त रात्री उशिरा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा सुटला की तो परत फिरतो, म्हणून नळीचं तोंड छपरापेक्षा किमान दोन मीटर वर न्या. ताज्या हवेचं तोंड धुराड्याशेजारी ठेवू नका, नाहीतर टाकलेलीच हवा परत आत घ्याल.

फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवायचे. तळणाचं तेल जुनं झालं की वास दुप्पट मारतं. तेल तापून तापून बिघडलं की त्यात पोलर घटक वाढतात, त्यांची एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा २५ टक्के आहे. हातातल्या मीटरने रोज मोजा, रंगावर जाऊ नका, कारण मसाला लावलेल्या माशाचं तेल पहिल्या तासातच लाल होतं.

---

उत्तर २: काचेपलीकडे

वासाचं वर सांगितलंय ते सोळा आणे खरं. मी काचेपुरतं सांगते.

पश्चिमेच्या काचेला छज्जा उपयोगाचा नाही. मावळतीच्या दोन तास आधी सूर्य ३० अंशांच्या खाली आलेला असतो. तेव्हा दोन फुटी छज्जाची सावली काचेवर जेमतेम सव्वा फूट पडते, म्हणजे जेवणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य तसाच. काचेच्या बाहेरून खाली सोडता येणारा जाळीदार पडदा घ्या, ५ टक्के छिद्रांचा. समुद्र दिसत राहतो आणि ऊन काचेच्या बाहेरच अडतं. तोच पडदा आतून लावला तर ऊन आत येऊन पडदाच तापतो आणि खिडकीशेजारचं टेबल भट्टी होतं. बाहेरचा पडदा वाऱ्यात फडफडतो, म्हणून दोन्ही कडांना खाचेतून सरकणारा हवा. पावसाळ्यात तो काढून ठेवायचा.

पावसाळ्यातलं दुखणं वेगळं. जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो. आत एसी २२ वर ठेवला की काच २५ च्या खाली जाते आणि बाहेरून दव धरतं. आतून कितीही पुसलं तरी जात नाही, कारण ते आत नसतंच. पाहुणा पैसे देऊन पांढरी भिंत बघतो. उपाय तीन आहेत. एसी २६ वर ठेवून पंखे फिरवा, एसीचा झोत काचेवर पडणार नाही अशी तोंडं वळवा, आणि परवडत असेल तर मध्ये पोकळी असलेली दुहेरी काच बसवा. तिन्ही केलंत तर समुद्र दिसेल. फक्त दुहेरी काच घेऊन एसी १८ वर ठेवलात तर खर्च फुकट.

आता रात्र. बाहेर अंधार आणि आत लखलखाट असला की काच आरसा होते. सात वाजून वीस मिनिटांनी रत्नदुर्ग गायब, समोर आपलीच थाळी आणि मागचं बिलाचं काउंटर. म्हणून छत गडद रंगाचं, दिवे फक्त टेबलावर, खाली रोखलेल्या टोपीचे, टेबलापासून ७० सेंटिमीटर उंचीवर, पिवळसर २,७०० केल्विनचे. काचेसमोरच्या भिंतीवर चमकणारं काही नको. फ्रेम केलेली चित्रं, आरसे, उजळ पाट्यांचे फ्रिज काहीच नाही. स्वयंपाकघराचं दार काचेच्या थेट समोर उघडू नये. ही एक गोष्ट पाळलीत तर दीपगृहाचा झोत आणि होड्यांचे दिवे आतून स्पष्ट दिसतात.

काच टफन्ड आणि लॅमिनेटेड, दोन्ही एकत्र. नुसती टफन्ड फुटली की खाली रस्त्यावर खडे पडतात. लॅमिनेटेड तडकली तरी चौकटीत राहते. मापं दोनदा घ्या, टफन्ड काच नंतर कापता येत नाही.

धुण्याची पद्धत कामगाराला शिकवा. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा थर बसतो. कोरड्या फडक्याने पुसला तर त्यात अडकलेले धूळ-वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोडं पाणी सोडायचं, मग रबरी पट्टी. ऑक्टोबर ते मे आठवड्यातून दोनदा. समुद्राकडच्या बाजूचे स्क्रू, कड्या, बिजागऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. ३०४ आत चालतं, बाहेर त्यावर वर्षभरात चहासारखे डाग येतात.

---

उत्तर ३: जांभा_आणि_सिमेंट

गच्ची आणि स्लॅबबद्दल थोडं कडक बोलतो.

साधी गच्ची चौरस मीटरला १५० किलो वापराच्या भाराला धरून बांधलेली असते. रेस्टॉरंटसाठी ४०० किलो धरावे लागतात. गोदामाचा भाग बहुधा टिकेल, गच्ची टिकेल असं गृहीत धरू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. त्यात कुंड्यांचा हिशेब वेगळा असतो: ओली माती घनमीटरला साधारण १,८०० किलो, म्हणजे ४५ सेंटिमीटर खोलीच्या लांबट कुंडीचा भार चौरस मीटरला ८०० किलो. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. हे सगळं तुळईवर आणि खांबांजवळ ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको.

कठड्याचा पेच समजून घ्या. कठडा सुरक्षेसाठी १.२ मीटर हवा, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळेही साधारण १.१५ मीटरवर असतात. भरीव भिंत केली तर खाडी फक्त वेटरला दिसेल. ४५ सेंटिमीटर भिंत आणि त्यावर लॅमिनेटेड काच अशी १.२ मीटर उंची गाठा. मागच्या ओळीला ३० सेंटिमीटर उंच ओटा द्या म्हणजे पुढच्यांच्या डोक्यावरून दिसेल. मात्र ओटा कठड्यापासून किमान दीड मीटर मागे. कठड्याला चिकटून ओटा केला की कठडा तितकाच बुटका होतो. तिथे उंच स्टूलही नकोत, पोरं चढतात.

स्वयंपाकघर नेमकं कशावर येतंय ते बघा. तुमच्या मांडणीत ते साड्यांवर येत असेल तर हलवा, जिना किंवा खालच्या स्वच्छतागृहांच्या वर घ्या. खालचा माल ओला होतो तो पाइप फुटून कमी, जमिनीच्या सांध्यातून जास्त. वॉटरप्रूफिंग झालं की नाल्या बुजवून ५ सेंटिमीटर पाणी ७२ तास उभं करा आणि खालच्या छताला रोज हात लावून बघा. मगच फरशी. भिंतीवर वॉटरप्रूफिंग ३० सेंटिमीटर वर चढलेलं हवं. नारळाचं दूध आणि तळणाचं तेल नळीत थिजतं, म्हणून सिंकनंतर लगेच ग्रीस ट्रॅप (तेल-चरबी अडवणारी पेटी) आणि त्याची आठवड्यातून दोनदा सफाई. तो छतात लपवू नका, हात पोचेल अशा जागी ठेवा.

गॅस: एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळला तर जमिनीलगत पसरतो आणि जिन्यातून, लिफ्टच्या डक्टमधून खाली उतरतो, थेट दुकानात. शोधक यंत्र छताला लावलेलं बघायला मिळतं, ते निरुपयोगी. जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा, आणि ते वाजलं की मुख्य झडप आपोआप बंद होईल असं जोडा. विनापरवाना साठा १०० किलोपर्यंतच, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. ते चौथ्या मजल्यावर नकोतच. तळाला इमारतीबाहेर, हवेशीर जाळीत ठेवून पाइपने वर आणा. शक्य तिथे इंडक्शन वापरा.

बाहेर पडायचा रस्ता ही सगळ्यात मोठी गोष्ट. दुकान नऊला बंद होणार, रेस्टॉरंट अकरापर्यंत चालणार. जिना दुकानाच्या आत उतरत असेल आणि शटर ओढलेलं असेल तर वरची ८० माणसं कोंडली. एक जिना तरी सरळ रस्त्यावर उतरला पाहिजे, दुसरा त्याच्यापासून लांब, आणि दोन्ही रात्री बिनकुलपाचे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत यंत्रणा ठीक असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ती तारीख एसीच्या सर्व्हिसिंगसारखी पुढे ढकलू नका.

---

सड्यावरून_समुद्र:

मनापासून आभार. स्वयंपाकघर साड्यांवरच येत होतं, आता जिन्याच्या बाजूला घेतो. एक विचारायचं राहिलं. गच्चीवर बांबू आणि माडाच्या झावळ्यांचं छप्पर सुचवलंय, कोकणी वाटावं म्हणून. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री. चालेल?

---

जांभा_आणि_सिमेंट:

नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ माणसं गेली. गच्चीवरचं छप्पर आणि सजावट सहज पेट घेणारी होती. वाळलेली झावळी, बांबू, ताडपत्री, प्लास्टिकचं गवत, थर्माकोल यातलं काहीही चौथ्या मजल्यावर नको. कोकणीपण जमिनीत आणा: चिऱ्याची पट्टी, लाल कोबा, सागाच्या खुर्च्या.

गच्चीचा हिशेब आठ महिन्यांचाच धरा. मिरगापासून सप्टेंबरअखेरपर्यंत नैर्ऋत्येची झड आडवी येते, आणि तुमची गच्ची दक्षिणेला आहे. वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पावसाळ्यात उघड्यावर टेबल ही कल्पनाच सोडा. २४ खुर्च्या गच्चीवर, ५४ आत. खर्च निघतो की नाही ते ५४ वर बघा. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, छत्र्या, गाद्या, दिवे सगळं आत घ्यायचं, गच्चीची पन्हळं मेअखेर साफ. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट असतो, दामिनी ॲपवर वीज पडण्याचा इशारा आला की गच्ची रिकामी करायची, मग मावळती कितीही सुंदर असो.

---

उत्तर ४: तवा_आणि_आगळ

जेवणाचं मी सांगते. वरच्या मजल्यावर काय रांधायचं, याच्या आधी काय रांधायचं नाही ते ठरवा.

मासे वर साफ करायचे नाहीत. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून आणतानाच खवले, कल्ले, आतडी काढून, बर्फात, झाकणाच्या पेटीतून मागच्या जिन्याने वर. पेटीतलं वितळलेलं पाणी लिफ्टमध्ये सांडलं तर आठवडाभर लिफ्ट नाक धरून वापरावी लागेल. शिल्लक काटे आणि डोकी घंटागाडी येईपर्यंत वेगळ्या फ्रीजरमध्ये. गच्चीवर उघडी बादली ठेवलीत तर कावळे आणि घारी तिथे मुक्कामाला येतील आणि मग टेबलावरचा तुकडाही उचलतील. सुका बोंबील, सुकट, सोडे निखाऱ्यावर भाजायचे नाहीत. त्या वासाला कुठलंही हूड पुरं पडत नाही. सुक्याची चटणी हवी तर दुसरीकडून भाजून, वाटून, बरणीत आणा.

आणलेल्या तुकड्यांना मीठ, हळद आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून १५ मिनिटं ठेवा. माशाचा उग्र वास देणारे घटक अल्कधर्मी असतात, आंबटाने ते बांधले जातात आणि उडत नाहीत. एक किलोला दोन मोठे चमचे आगळ पुरतं. अर्ध्या तासाच्या वर ठेवलंत तर पापलेट भुगभुशीत होतं.

तळलेल्या तुकडीचं एक नाजूक गणित आहे. सुरमईची तुकडी दीड सेंटिमीटर जाड, रवा दोन वाट्या आणि तांदळाचं पीठ एक वाटी, मध्यम तवा, एका बाजूला चार मिनिटं. उतरवल्यावर जाळीवर ठेवायची, ताटलीत नाही, आणि वर झाकण तर मुळीच नाही. झाकणाखाली वाफ कोंडते आणि पाच मिनिटांत कुरकुरीत आवरणाची लापशी होते. आपल्या दमट हवेत हे आणखी लवकर घडतं. म्हणून तव्यापासून सर्वांत लांबचं टेबलही तीन मिनिटांच्या आत गाठता आलं पाहिजे. गच्चीच्या टोकाच्या टेबलाला तळलेल्यापेक्षा हुमण (माशाचं कालवण) किंवा तिसऱ्यांची एकशिपी (शिंपल्यांचा रस्सा) सुचवायला वेटरला सांगून ठेवा.

सोलकढीत बहुतेक देखणी रेस्टॉरंटं मार खातात. एका नारळाचे १५० मिलिलिटरचे चार ग्लास होतात. ८ ते १० आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास. पहिलं दूध दीड वाटी कोमट पाण्यात, दुसरं एका वाटीत. लसूण-मिरची ठेचून, जिरं चिमटीभर. सकाळी पिंपभर करून फ्रिजमध्ये ठेवली की खोबऱ्याची चरबी थिजून वर दाणे येतात, कारण खोबरेल २४ अंशांखालीच गोठतं. ढवळून ते जात नाहीत. नारळाचं दूध दिवसातून दोनदा काढा, फार गार करू नका, कोकमाचं पाणी तेवढं फ्रिजमध्ये ठेवा आणि मागणी आली की एकत्र करा. रंगही ताजा गुलाबी राहतो, उभ्या राहिलेल्या कढीसारखा मातकट होत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत मोठ्या सुरमईचं नाव छापील मेनूवर असणं म्हणजे रोज "आज नाही" म्हणणं. माशांची नावं छापूच नका, रोज खडूने फळ्यावर लिहा. पावसात खाडीची मासळी मिळेल तेवढी, आणि बाकी टाकळा, भारंगी, कुर्डू, आठळ्यांची भाजी, घावणे. रानभाज्यांसाठी मुंबई-पुण्याहून आलेली माणसं मुद्दाम थांबतात, त्याला कमीपणा समजू नका. मार्च ते मे ओल्या काजूची उसळ आणि हापूस. श्रावण, संकष्टी, गणपती यांसाठी शाकाहाराचा तवा, पक्कड, तेल आणि ओटा पहिल्या दिवसापासून वेगळा. नुसतं धुऊन वापरतो म्हटलेलं गिऱ्हाइकाला पटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

"दर बाजारभावाप्रमाणे" हे शब्द टाळा. तुकडा काट्यावर ठेवून वजन आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून टेबलावर दाखवा, होकार आला की तव्यावर टाका. बिलावरची भांडणं नव्वद टक्के तिथेच मिटतात.

---

उत्तर ५: मतलई

काचेबद्दल एक वेगळं मत. बारा मीटर अखंड बंद काच करू नका. तिचे चार भाग करा आणि त्यातले दोन सरकते ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी एसीची गरजच नसते, खारा वारा आत आला की तेच खरं सुख. मासे खाताना समुद्राचा वारा अंगावर नसेल तर चौथ्या मजल्यावर चढायचं कशाला?

---

काचेपलीकडे:

मान्य, पण एका अटीवर. काच उघडली की वारा दालनात घुसून स्वयंपाकघराची ओढ बिघडवतो आणि हवा जिन्याकडे ढकलतो. सरकते भाग उघडे ठेवूनही उदबत्तीची परीक्षा घ्या. मधल्या खोलीची दोन्ही दारं घट्ट असतील तर जमेल. खालची खाच समुद्राकडे उतरती आणि पाणी जायला भोकं असलेली घ्या, नाहीतर पहिल्या झडीत पाणी आत.

---

सड्यावरून_समुद्र:

सरकते भाग घेतो. शेवटचं: लिफ्ट एकच आहे, आठ माणसांची. आणि दुकानाचं गिऱ्हाईक वर कसं न्यायचं, की वरचं खाली आणायचं?

---

उत्तर ६: पाटावर_पान

आठ माणसांची म्हणजे ५४४ किलोची. पाहुण्यांना पुरेल, पण माल, बर्फ आणि कचरा त्याच लिफ्टने नको. मागच्या जिन्याला सामानाची छोटी लिफ्ट बसवा, १०० किलोची चालेल. वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडेल अशी बॅटरी तिला हवीच. महावितरणचा भरवसा पहिल्या पावसापर्यंतच. लिफ्टसमोर आजी-आजोबांसाठी दोन बाकं ठेवा.

मोठ्या दुकानांनी रेस्टॉरंट वर नेलं त्यामागे विचार आहे. शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानात (२००६ पासून त्याचं नाव मेसीज) सातव्या मजल्यावरची वॉलनट रूम १९०७ पासून आहे. टोकियोत निहोनबाशीच्या मित्सुकोशीने १९३० मध्ये मुलांसाठी खास ताट काढलं, ते पुढे जपानभर रूढ झालं. जपानी दुकानदार याला शॉवर म्हणतात: माणूस आधी वर जातो, जेवतो, आणि पाण्यासारखा एकेक मजला खाली उतरत खरेदी करतो. म्हणून उतरताना जिना आकर्षक, रुंद आणि उजेडाचा असावा. लिफ्ट वर नेण्यासाठी, जिना खाली आणण्यासाठी.

आपल्याकडचं गिऱ्हाईक मात्र दोघांचं नाही, बस्त्याचं आहे. बारा-पंधरा माणसं, त्यात दोन्हीकडची वडीलधारी आणि पोरं. सगळी टेबलं दोघांची करून खिडकीला लावली तर हे कुटुंब कुठे बसवाल? ७५ सेंटिमीटर चौरस टेबलं घ्या, एकत्र जोडता येतील अशी, आणि बारा जणांची एक ओळ ओट्यावर कायम ठेवा. हात धुवायचं बेसिन दालनातच, दिसेल असं. आपण हाताने जेवतो, ते लपवून काय साधणार? सोबत पोरांसाठी एक बुटकं.

खरेदीच्या पिशव्या टेबलाखाली घेऊ देऊ नका. शालूवर कालवण सांडलं की जेवणही गेलं आणि गिऱ्हाईकही. दाराशी टोकन देऊन पिशव्या ठेवून घ्या आणि त्या सामानाच्या लिफ्टने नव्हे, मुख्य लिफ्टने, बंद कपाटाच्या ढकलगाडीतून तळमजल्याच्या काउंटरला पाठवा. जाताना तिथून घेता येतील.

मावळतीची टेबलं आधी नोंदवून द्या, दीड तासाची वेळ, आणि ते नोंदणीतच सांगा. सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, मेअखेर सातच्या. पाहुण्यांना पाऊण तास आधी बसवा. डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे डिसेंबरात चांगलं असलेलं टेबल मे महिन्यात चांगलं असेलच असं नाही. दर पंधरा दिवसांनी मावळतीला प्रत्येक खुर्चीवर बसून बघा आणि नोंदवहीत टेबलांचे क्रमांक बदला. इमारतीवर आता लगेच बघायचं असेल तर भिंत पाडायच्या आधी गोदामाच्या खिडकीतून कंपास लावून शेजारची पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर कुठल्या अंशावर येतात ते टिपून घ्या. टाकी २९५ अंशांच्या आसपास असेल तर जूनचा सूर्य तिच्याआड जाणार, आणि जूनमध्ये तसाही तो ढगात असतो. २४५ च्या आसपास असेल तर मात्र डिसेंबरचा अख्खा हंगाम गेला, मग काचेची जागाच दोन मीटर सरकवा.